सतरंजी, बावन्न पत्ते आणि मोबाइल : जुगाराचा १८६७चा कायदा आता कसा बदलावा?

रामबागकर वकील (इंदूर)

मंडळींना नमस्कार. गेली तीस वर्षे मी इंदुरात फौजदारी वकिली करतो आहे. मागच्या महिन्यात एकाच संध्याकाळी दोन पक्षकार येऊन गेले आणि दोघांचे कागद टेबलावर शेजारी शेजारी राहिले. ते वाचता वाचता जे डोक्यात आले ते येथे मांडतो आहे, कारण आपल्यात बँकेतले, संगणकातले आणि घर चालवणारे असे सगळेच लोक आहेत आणि हा विषय आता एकट्या वकिलाने सोडवण्यासारखा राहिलेला नाही.

पहिला कागद जप्तीचा पंचनामा होता. मल्हारगंजाच्या बाजूला एका बंद गोदामाच्या ओट्यावर पाच जण तीन पत्ती खेळताना पकडले गेले. पंचनाम्यात लिहिले आहे : ‘जुनी सतरंजी एक, निळ्या पट्ट्यांची, एका कोपऱ्यात जळालेली, ताशाचे पत्ते बावन्न, फडावर रोख रुपये १,३४०.’ पाचांपैकी एक जण हातगाडीवर पेरू विकतो आणि सतरंजी त्यानेच आणलेली होती. दुसरा कागद म्हणजे भंवरकुआंला खोली घेऊन राज्यसेवेची तयारी करणाऱ्या एका मुलाच्या बँक खात्याचा उतारा होता. त्याने अकरा आठवड्यांत यूपीआयने ४ लाख ६२ हजार रुपये साठाहून अधिक निरनिराळ्या खात्यांत पाठवले होते, आणि त्या खात्यांच्या नावांत कुठे किराणा दुकान होते, कुठे मोबाइल दुरुस्ती, तर कुठे कोणा बाईचे नुसते नाव होते. पहिल्या प्रकरणात आरोपी, पंच, जप्त माल आणि न्यायालयाची तारीख हे सगळे आहे. दुसऱ्यात यांपैकी काहीही नाही, कारण पकडावे असे कोणी दिसतच नाही.

याचे मूळ कायद्याच्या घडणीत आहे. १८६७चा सार्वजनिक जुगार कायदा इंग्रजांनी वायव्य प्रांत, पंजाब, अवध, मध्य प्रांत आणि ब्रिटिश ब्रह्मदेश यांच्यासाठी केला. तेव्हा इंदुरात दुसऱ्या तुकोजीरावांचे राज्य होते, म्हणजे ज्या शहरात आज हा कायदा रोज वापरला जातो त्या शहरासाठी तो मुळात नव्हताच. त्यात जुगारअड्ड्याची व्याख्या घर, भिंतीने बंदिस्त केलेले आवार, खोली किंवा जागा अशी केली आहे. मूळ कायद्यात अड्डा चालवणाऱ्याला जास्तीत जास्त २०० रुपये दंड किंवा तीन महिने कैद, अड्ड्यात सापडणाऱ्याला १०० रुपये किंवा एक महिना, आणि रस्त्यावर खेळणाऱ्याला (कलम १३) ५० रुपये किंवा एक महिना अशी शिक्षा होती. वॉरंट घेऊन झडती घेतली आणि पत्ते किंवा फासे सापडले, तर ती जागा अड्डाच आहे असे सहाव्या कलमाने गृहीत धरले जाते. राज्याने पुढे दुरुस्त्या केल्या, सट्ट्यासाठी ‘४ क’ हे कलम आले, आणि आपल्या वर्तमानपत्रांत ‘१३ जुआ ॲक्ट’ व ‘४ क सट्टा ॲक्ट’ ही नावे रोजची झाली. परंतु कायद्याची नजर जागेवर आणि वस्तूवरच खिळून राहिली.

तरीही माझे मत असे आहे की या जुन्या कायद्याचे डोळे म्हातारे झाले असले तरी त्याचे काळीज योग्य ठिकाणी होते. व्याख्येचा उरलेला भाग वाचा : अड्डा म्हणजे जेथे जागेच्या मालकाच्या किंवा चालवणाऱ्याच्या *फायद्यासाठी* जुगाराची साधने ठेवली जातात. आपल्या बोलीत सांगायचे तर कायद्याला खरा राग नालेचा, म्हणजे डावातून काढल्या जाणाऱ्या हिश्शाचा, होता. फडावर प्रत्येक डावातून जो आपला हिस्सा काढून घेतो, ज्याला जिंकण्या-हरण्याशी देणेघेणे नसते आणि खेळ चालू राहण्यातच ज्याचा लाभ असतो, तो मुख्य गुन्हेगार. सर्वोच्च न्यायालयाने १९६७ साली के. सत्यनारायण यांच्या प्रकरणात रमी हा मुख्यतः कौशल्याचा खेळ ठरवला, कारण पडलेली पाने लक्षात ठेवावी लागतात आणि हातातली पाने जुळवावी लागतात. पण त्याच निकालात हेही नोंदवले आहे की क्लबचा मालक खेळातून नफा काढत असेल तर गोष्ट वेगळी होऊ शकते. निकालाचा पहिला अर्धा भाग ऑनलाइन रमीच्या कंपन्यांनी पाठ केला आणि दुसरा अर्धा कोणीच वाचला नाही.

आता केंद्राचा २०२५चा ऑनलाइन गेमिंगचा कायदा आला आहे. लोकसभेत २० ऑगस्टला, राज्यसभेत २१ ऑगस्टला आणि २२ ऑगस्टला राष्ट्रपतींची संमती, इतक्या वेगाने तो झाला. त्याने कौशल्य की नशीब हा वाद एका वाक्यात बाजूला सारला : पैसे लावून, पैसे मिळण्याच्या आशेने ऑनलाइन खेळायचा कोणताही खेळ बंद. चालवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक कोटीपर्यंत दंड, जाहिरात करणाऱ्याला दोन वर्षे आणि पन्नास लाख, आणि खेळणाऱ्याला शिक्षा नाही. ही शेवटची गोष्ट मला मनापासून पटते. परंतु ओट्यावर बसून साठ रुपये हरणाऱ्याला राज्याचा जुना कायदा अजूनही आरोपी करतो, आणि मोबाइलवर साडेचार लाख हरणाऱ्याला नवा कायदा पीडित मानतो. खेळणारा एकच, व्यसन एकच, फक्त सतरंजीच्या जागी काच आली. राज्याचा कायदा नव्याने लिहायचा झाला तर तो कसा लिहावा, हा माझा प्रश्न आहे.

खातेवही (ग्वाल्हेर)

वकीलसाहेब, मी लष्करातला, म्हणजे फौजेतला नव्हे, आमच्या ग्वाल्हेरच्या लष्कर या भागातला. बँकेतून निवृत्त होऊन चार वर्षे झाली. आपण ज्या साठ खात्यांचा उल्लेख केलात त्यांच्याविषयी थोडे सांगतो, कारण कायदा करणाऱ्यांनाही ही बाजू क्वचितच दिसते.

खेळणारा पैसे कंपनीला पाठवत नाही. त्याला व्हॉट्सॲपवर किंवा टेलिग्रामवर कोणीतरी ‘आयडी’, म्हणजे सट्ट्याच्या संकेतस्थळावर खेळायचे खाते, देतो. पैसे भरायचे म्हटले की एक क्यूआर येतो, तो काही तासांनी बदलतो, आणि प्रत्येक क्यूआरमागे एखाद्या विद्यार्थ्याचे, रिक्षावाल्याचे किंवा बंद पडलेल्या दुकानाचे खाते असते. ही खाती भाड्याने घेतलेली असतात : महिन्याला ठरावीक रक्कम द्यायची आणि पासबुक, एटीएम कार्ड आणि खात्याला जोडलेले सिम आपल्या ताब्यात ठेवायचे. अशा बचत खात्यात रात्री आठ ते बारा या वेळात, विशेषतः सामना चालू असताना, दोनशे, पाचशे, हजार अशा शेकडो रकमा जमा होतात आणि मध्यरात्रीपूर्वी सगळी शिल्लक दुसऱ्या खात्यात निघून जाते. शाखेत बसून माझ्या डोळ्यांनी हे पाहिले आहे. खातेदाराला बोलावले तर अठरा-एकोणीस वर्षांचा मुलगा येतो आणि ‘मित्राचा कपड्यांचा धंदा आहे’ असे सांगतो.

कार्डाच्या व्यवहारात धंद्याचा चार आकडी क्रमांक असतो आणि जुगाराचा क्रमांक ७९९५ आहे. इंग्लंडने १४ एप्रिल २०२० पासून क्रेडिट कार्डाने जुगार खेळायला बंदी घातली, ती अमलात आणता आली याचे एक कारण तेथे जुगाराचा परवानाधारक व्यापारी उघडपणे ओळखता येतो हे आहे. आपल्याकडे एका माणसाकडून दुसऱ्या माणसाकडे जाणाऱ्या यूपीआयला असा क्रमांक नसतो. बँकेच्या दृष्टीने तो भाच्याला पाठवलेल्या वाढदिवसाच्या पैशासारखाच असतो. म्हणून नव्या कायद्याने बँकांना अशा खेळांचे व्यवहार होऊ देऊ नका असे सांगितले ते योग्यच आहे, पण जे व्यवहार स्वतःचे नाव लपवून येतात ते ओळखायचे कसे, याची पद्धत कायद्याबरोबर यायला हवी. वेळ, रक्कम आणि शिल्लक रिकामी होण्याची चाल यांवरून संशयित खाते ओळखणे अवघड नाही. बँकेला ते करायचे असेल तरच होते, एवढेच म्हणतो.

सुदामानगरची (इंदूर)

खातेवहीकाकांनी लिहिले ते वाचून मला लिहावेच लागले. कपड्यांचा धंदा असलेला तो ‘मित्र’ आमच्या घरीही येऊन गेला होता, चहा पिऊन गेला होता.

माझा मुलगा बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला आहे आणि तो स्वतः एक रुपयाही खेळलेला नाही. शिकवणीतल्या ओळखीच्या एकाने महिन्याला चार हजार रुपये देतो म्हणून त्याचे खाते वापरायला घेतले. मुलाला वाटले की करात सूट मिळवण्यासाठी लोक असे करतात. तिसऱ्या महिन्यात खाते गोठले. त्याच खात्यात त्याच्या वडिलांनी परीक्षा शुल्कासाठी टाकलेले अठरा हजार होते, तेही अडकले. बँकेने सांगितले की दुसऱ्या राज्यातल्या सायबर पोलिसांचे पत्र आहे, तेथे जा. तेथे फोन केला तर कोणी उचलत नाही, आणि उचलला तर ‘ईमेल करा’ म्हणतात. गेले पाच महिने आम्ही ईमेल करतो आहोत.

वकीलसाहेब, माझा प्रश्न सरळ आहे. खेळणारा पीडित आणि चालवणारा गुन्हेगार हे समजले. माझा मुलगा या दोघांपैकी कोणात बसतो?

कोड-कारकून (इंदूर)

मी विजयनगरात राहतो आणि ऑगस्ट २०२५ पर्यंत एका फँटसी खेळाच्या (खऱ्या सामन्यातले खेळाडू निवडून काल्पनिक संघ लावायचा खेळ) कंपनीत घरून काम करत होतो. कायदा संमत झाला त्याच आठवड्यात पैशाचे खेळ बंद झाले आणि पुढच्या महिन्यात आमची नोकरीही गेली. त्यामुळे मी लिहीन त्यात कडवटपणा असेल तर तो वजा करून वाचावे.

आमच्याकडे प्रत्येक खेळणाऱ्याचा पॅन होता. एप्रिल २०२३ पासून निव्वळ जिंकलेल्या रकमेवर ३० टक्के कर आम्ही कापून सरकारला भरत होतो आणि त्याच वर्षीच्या १ ऑक्टोबरपासून भरलेल्या संपूर्ण रकमेवर २८ टक्के जीएसटी होता. कोण किती हरतो आहे हे आम्हाला माहीत होते आणि सरकारने मागितले असते तर त्यालाही कळले असते. ‘आयडी’ देणारा पॅन मागत नाही, कर कापत नाही, वय विचारत नाही, उलट पहिल्या भरण्यावर बोनस देतो. त्याच्या संकेतस्थळाचा परवाना कुरसाओसारख्या बेटाचा असतो. पत्ता बंद केला तर शेवटी एक आकडा वाढवून तोच पत्ता दुसऱ्या दिवशी सुरू होतो. बंदीने आम्ही बुडालो, तो बुडाला नाही.

आता कडवटपणा बाजूला ठेवून दुसरी बाजूही सांगतो, कारण ती मीच लिहिलेली आहे. सलग तीन वेळा हरलेल्या माणसाला किती मिनिटांनी कोणती सूचना पाठवली की तो परत येतो, याचे प्रयोग आम्ही करत होतो. रात्री साडेअकराला ‘तुमच्या खात्यात ५० रुपये बोनस जमा आहे, मध्यरात्री संपेल’ हा संदेश सगळ्यात चांगला चालत असे. बोनस काढून घेता येत नसे, फक्त खेळता येत असे. कंपनीच्या भाषेत याला ग्राहक टिकवणे म्हणतात. वकीलसाहेबांचा ‘नाल’ हा शब्द वाचला तेव्हा वाटले की आम्ही नाल तर काढत होतोच, शिवाय माणूस उठू लागला की त्याचा सदरा धरून त्याला परत सतरंजीवर बसवत होतो. कायदा बदलायचा असेल तर त्यात या सदरा धरण्याला नाव दिले पाहिजे.

इंग्लंडचे उदाहरण काकांनी दिलेच आहे. त्यांचा कायदा २००५चा, म्हणजे स्मार्टफोन हाती येण्याआधीचा. २०२३च्या एप्रिलमध्ये त्यांनी सुधारणांची श्वेतपत्रिका काढली आणि त्यानंतर ऑनलाइन स्लॉटवर (चक्र फिरवून नशीब आजमावायच्या खेळावर) एका वेळी लावायची मर्यादा एप्रिल २०२५ पासून ५ पौंड केली. १८ ते २४ वर्षांच्या तरुणांसाठी मे २०२५ पासून ती २ पौंडच आहे. त्यांनी खेळ बंद केला नाही, खेळाचा वेग आणि रक्कम आवळली.

पलासियाकर (इंदूर)

मी बंदीच्या बाजूची आहे आणि ते स्पष्ट लिहिते. परवाना देऊन, मर्यादा घालून, कर घेऊन सुधारणा करावी असे म्हणणाऱ्यांनी हेही सांगावे की मग नाल कोण काढणार? सरकारच ना? केरळने १९६७ मध्ये आणि महाराष्ट्राने १९६९ मध्ये सरकारी लॉटरी सुरू केली, तेव्हा महाराष्ट्रात उद्देश मटक्याचा पैसा लोककल्याणाकडे वळवण्याचा सांगितला जात होता. मटका काही त्यामुळे थांबला नाही. आताचीच गंमत पाहा. ऑगस्टमध्ये ऑनलाइन पैशाचे खेळ बंद केले आणि सप्टेंबरमध्ये जीएसटी परिषदेने जुगार, कॅसिनो, घोड्यांच्या शर्यती आणि लॉटरी यांच्याबरोबर ऑनलाइन पैशाच्या खेळांचाही ४० टक्क्यांच्या यादीत समावेश केला. जे बंद आहे त्यावर कर कशाला?

संसदेत विधेयक मांडताना सरकारने ४५ कोटी लोक दरवर्षी सुमारे २०,००० कोटी रुपये हरतात असा अंदाज दिला होता. आकडा थोडा इकडेतिकडे असो. माझ्या सख्ख्या भावाने आईच्या पाटल्या मोडल्या, त्या काही कुरसाओच्या संकेतस्थळावर नव्हे, तर पॅन घेणाऱ्या, कर भरणाऱ्या, खेळाडूंच्या चेहऱ्यांनी जाहिरात करणाऱ्या कंपनीच्या ॲपवर. ‘हे कायदेशीर आहे’ हेच त्याचे उत्तर असे, आणि आमच्याकडे त्यावर बोलायला काही नसे. बंदीमुळे निदान ते उत्तर गेले. ॲपवर ‘जबाबदारीने खेळा’ हे वाक्य होते, पण त्याची अक्षरे वाचायला आईला चष्मा बदलावा लागला असता.

दांडिया बाजार (बडोदे)

आमच्याकडे कायदा निराळा आहे, म्हणून भर घालतो. गुजरातेत मुंबई इलाख्याचा १८८७चा जुगार प्रतिबंधक कायदा चालतो. वर्तमानपत्रांत त्याला ‘जुगारधारा’ म्हणतात आणि श्रावण लागला की सातम-आठमच्या सुमारास रोज धाडींच्या बातम्या येतात. पोळात (जुन्या वस्तीच्या गल्लीत), शेतात, फार्महाउसवर, सगळीकडे पत्ते, रोख आणि मोबाइल जप्त. मोबाइल जप्त होतात ते खेळण्यासाठी वापरले म्हणून नव्हे, तर खिशात होते म्हणून, ही मजा आहे.

पोलिसांच्या हाती काहीतरी दिसणारे लागते, आणि कायदा नीट लिहिला नाही तर ते नेहमी खेळणाऱ्यावरच येऊन थांबतात. मार्च २०१९ मध्ये राजकोटला पब्जी खेळतात म्हणून मुलांना अटक झाली होती. त्या खेळात पैसेही लावलेले नव्हते. २०२४च्या जुलैपासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या ११२व्या कलमात टोळीने केलेला अनधिकृत सट्टा व जुगार हा किरकोळ संघटित गुन्हा धरला आहे आणि त्याला एक ते सात वर्षांची कैद आहे. एका बाजूला शंभर-दोनशे रुपये दंडाचा कायदा आणि दुसऱ्या बाजूला सात वर्षे. मधली पायरी कोणती, हे ठाण्यात बसलेल्या माणसाने ठरवायचे, आणि माझ्या मते सगळ्यात मोठा धोका तेथेच आहे.

शब्दरूपावली (इंदूर)

संस्कृत शिकवण्यात आयुष्य गेले, म्हणून थोडक्यात एक नोंद. कौटिल्याने अर्थशास्त्रात द्यूताध्यक्ष नावाचा अधिकारी सांगितला आहे. जुगार एकाच ठिकाणी चालावा, दुसरीकडे खेळणाऱ्याला बारा पण (त्या काळचे नाणे) दंड व्हावा, फासे अध्यक्षाने पुरवावेत आणि जिंकलेल्या रकमेवर पाच टक्के राज्याने घ्यावेत, अशी व्यवस्था आहे. कारण सांगितले आहे ते करमणुकीचे नव्हे : छुप्या रीतीने जगणारे लोक तेथे ओळखता यावेत म्हणून. याउलट मनुस्मृतीच्या नवव्या अध्यायात राजाने द्यूत आणि समाह्वय, म्हणजे प्राण्यांवर लावलेली पैज, राज्यातून घालवून द्यावेत असे म्हटले आहे. येथे पलासियाकरताई आणि कोड-कारकून यांच्यात जे चालले आहे ते त्यामुळे मला परके वाटले नाही.

रामबागकर वकील (इंदूर)

मास्तर, आपल्या नोंदीतली ‘ओळखता यावेत म्हणून’ ही बाब मी उचलतो, कारण खातेवहीसाहेबांचे दुखणेही तेच आहे.

आधी घटनेची अडचण. ‘सट्टा आणि जुगार’ हा विषय सातव्या परिशिष्टात राज्यसूचीच्या ३४व्या नोंदीत आहे. केंद्राने ऑनलाइन खेळांवर कायदा केला म्हणून त्याच्या अधिकारालाच आव्हान दिले गेले. एक याचिका आपल्या मध्य प्रदेश उच्च न्यायालयातही होती, आणि सप्टेंबर २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती सगळी प्रकरणे स्वतःकडे घेतली. निकाल काहीही लागो, ओटा, गोदाम, टपरी आणि तेथे बसून फिरवले जाणारे ‘आयडी’ हे राज्याचेच काम राहणार आहे. म्हणून केंद्राने केले ते पुरे, असे म्हणून राज्याला मोकळे होता येणार नाही.

पलासियाकरताई, आपल्या घरचे ऐकून वाईट वाटले, आणि ‘हे कायदेशीर आहे’ या उत्तराची ताकद मी नाकारत नाही. जाहिरातबंदी तर मी कोणत्याही परिस्थितीत कायम ठेवीन. पण बंदी हा कायद्याचा शेवट समजू नये. विधी आयोगाने जुलै २०१८ मध्ये २७६वा अहवाल दिला, त्यात म्हटले आहे की पूर्ण बंदी प्रत्यक्षात आणता येत नसेल तर नियमन हाच मार्ग उरतो. व्यवहार रोकडविरहित असावेत, आधार आणि पॅनशी जोडलेले असावेत आणि माणसागणिक मर्यादा असावी, असेही सुचवले आहे. त्याआधी २०१६ मध्ये न्यायमूर्ती लोढा समितीने क्रिकेटच्या सट्ट्याला कायदेशीर चौकट देण्याची शिफारस केली होती. मी स्वतः परवान्याच्या बाजूने पूर्ण झुकलेलो नाही, कारण सरकार एकदा नालेवर जगू लागले की ते फड मोडत नाही, हे आपले म्हणणे मला खोडता येत नाही. परंतु बंदी ठेवायची तर ती नाल काढणाऱ्याच्या खिशापर्यंत पोहोचली पाहिजे.

राज्याचा नवा कायदा माझ्या हाती असता तर मी अड्ड्याच्या व्याख्येतून भिंती काढल्या असत्या आणि ‘फायद्यासाठी’ हा शब्द ठेवला असता. ज्याला प्रत्येक डावातून हिस्सा मिळतो, जो खेळणारे जमवून देण्याचे पैसे घेतो आणि जो खाती गोळा करून फिरवतो, तो चालवणारा, मग तो ओट्यावर असो की दुबईत. कोड-कारकूनांनी सांगितलेले बोनसचे आमिष मी स्वतंत्र गुन्हा केला असता. बडोदेकरांनी दाखवलेली मधली पायरीही कायद्यातच लिहून टाकली असती, ठाण्यावर सोडली नसती. खेळणाऱ्यावरचे कलम, सतरंजीवरच्या खेळणाऱ्यासकट, मी रद्द केले असते. त्या पेरूवाल्याने पहिल्याच तारखेला गुन्हा कबूल करून दंड भरला, कारण तारखांना आले की दिवसाची विक्री बुडते. वकील लावून लढण्यापेक्षा त्याला तेच स्वस्त पडले. सतरंजी मात्र अजून पोलिसांच्या मालखान्यात आहे आणि ती घरमालकाची असल्याने ती परत कधी मिळेल हे विचारायला तो दोनदा येऊन गेला.

आणखी एक जुनी गाठ सोडवावी लागेल. भारतीय करार कायदा, १८७२ याच्या ३०व्या कलमाप्रमाणे पैजेचा करार निरर्थक असतो, म्हणून ‘आयडी’वाल्याने शिल्लक बुडवली तर खेळणाऱ्याला दावा लावता येत नाही. हेतू चांगला होता, जिंकणाऱ्याने न्यायालयाला वसुलीदार करू नये हा. पण आज त्याचा लाभ घेतो तो चालवणारा, कारण त्याला पक्के ठाऊक असते की भंवरकुआंचा तो मुलगा कोणाच्याही दारात जाणार नाही. करार निरर्थकच राहू द्या. पण चालवणाऱ्याकडून हरलेली रक्कम परत मिळवण्याची वाट कायद्याने खेळणाऱ्याला दिली, तर हजार धाडींनी होणार नाही ते काम होईल, कारण मग पुरावा घेऊन पुढे येण्यात त्याचा स्वतःचा लाभ असेल.

सुदामानगरच्या ताई, आपला प्रश्न मी मुद्दाम शेवटी ठेवला, कारण त्याचे उत्तर आजच्या कायद्यात नीट नाही. खाते भाड्याने देणारा पैसे घेतो, म्हणून तो पीडित ठरत नाही. आणि त्याला नालेतले काहीच मिळत नाही, म्हणून त्याला चालवणारा म्हणणेही अन्यायाचे आहे. नव्या कायद्यात अशा माणसासाठी वेगळी वाट हवी : पहिल्यांदाच घडले असेल, वय कमी असेल आणि खाते कोणी घेतले हे तो सांगत असेल, तर त्याला साक्षीदार करावे. आज तशी हमी नसल्यामुळे ही मुले गप्प बसतात आणि खाती गोळा करणारा माणूस पुढच्या शिकवणीच्या दारात उभा राहतो. तूर्त आपल्या हाती असलेला उपाय असा आहे की भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या १०६व्या कलमाखाली जप्ती झाली असेल तर संबंधित दंडाधिकाऱ्यापुढे अर्ज करता येतो. संपूर्ण खाते न गोठवता वादग्रस्त रक्कमच गोठवून ठेवावी आणि वडिलांनी टाकलेले अठरा हजार मोकळे करावेत, अशी विनंती करता येईल. बँकेकडून गोठवल्याचे पत्र लेखी मागून घ्या, त्यात पोलिसांच्या पत्राचा क्रमांक असतो. वडिलांच्या खात्याचा उतारा, शुल्काची पावती आणि त्या मित्राशी झालेले संदेश पुसून न टाकता घेऊन या. माझ्या शुल्काची चिंता करू नका.

खातेवही (ग्वाल्हेर)

बँकेने पत्र द्यायला टाळाटाळ केली तर शाखेत आवक नोंद करून अर्जाची पोच घ्या. तोंडी उत्तर ऐकून परत येऊ नका, ताई.

सुदामानगरची (इंदूर)

पोच घेऊन आले. पत्र गुरुवारी देतो म्हणाले आहेत. संदेश मुलाने पुसले होते, पण त्या मित्राने पाठवलेल्या दोन महिन्यांच्या चार-चार हजारांची नोंद वडिलांच्या खात्यावर आहे, कारण मुलाने ते पैसे घरात दिले होते आणि आम्ही शिकवणीचे म्हणून ठेवून घेतले होते. त्या माणसाचे नाव सांगायला मुलगा तयार आहे. ते त्याला लेखी द्यावे लागेल का आणि खाली त्याची सही लागेल का, एवढे मात्र तो आधी विचारून घ्यायला सांगतो आहे.